पेटींतून निघालेली मोटार

प्रवरेच्या कांठीं, अहिल्यानगर जिल्ह्यांत, दायमाबाद म्हणून एक स्थळ आहे. तेथें सन १९७४ सालीं जमीन खणतां खणतां धातूच्या चार ओतीव वस्तु हातीं आल्या. हत्ती, गेंडा आणि रेडा या तीन जनावरांच्या जोडीस त्यांत एक रथ निघाला. त्याची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर, रुंदी १६ सेंटिमीटर. पुढें जुंपलेले दोन बैल आणि मागें उभा असलेला हांकणारा. या वस्तूंच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. तथापि त्या उत्तर-हडप्पा काळांतील, म्हणजे सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या असाव्यात, असा पुष्कळ अभ्यासकांचा अभिप्राय आहे. त्या काळीं या खोऱ्यांतून खऱ्या गाड्या किती धांवल्या असतील याची गणती कोण करणार? त्या लांकडाच्या होत्या. त्या झिजल्या, मोडल्या, कुजल्या आणि मातींत मिळाल्या. उरली ती ही हातभर लांबीची प्रतिकृति. आणि त्या काळचा मनुष्य गाडींत कसा उभा राहत असे, जूं कसें बसवीत असे, हें सांगण्याचें काम आज तिलाच करावें लागत आहे.

मूळ वस्तु जाते आणि तिची लहानशी नक्कल साक्षीस उभी राहते, हा इतिहासांत वारंवार घडणारा प्रकार आहे. तोच विचार मनांत धरून आम्ही आज एका अशा उद्योगाविषयीं लिहिणार आहों, कीं ज्याचें नांव काढतांच पुष्कळ सुज्ञ माणसें स्मित करतील. जुन्या मोटारींच्या प्रमाणबद्ध लहान प्रतिकृति जुळवणें आणि आपल्या माहितीप्रमाणें त्यांत फेरफार करणें, हा तो उद्योग होय. प्रौढ माणसानें कानस आणि ब्रश हातीं घेऊन बोटाएवढ्या मोटारीशीं रात्री जागवाव्या, हें अनेकांस पोरखेळाचें लक्षण वाटतें. आमचें म्हणणें असें कीं, मुंबईसारख्या शहराच्या बाबतींत हा खेळ इतिहासाच्या कामाचा आहे. आणि तें पटवून देण्यास कांदिवलीइतकें योग्य ठिकाण क्वचितच सांपडेल.

कांदिवली हें मुंबईचें उत्तरेकडील उपनगर. शंभर वर्षांपूर्वीं शहरास त्याचा उपयोग होता तो दगडमातीपुरता. सन १९२० नंतरच्या दशकांत बॅक बे बुजवून जमीन काढण्याची जी अवाढव्य आणि पुढें अत्यंत वादग्रस्त ठरलेली योजना सरकारनें हातीं घेतली, तिच्या भरावासाठीं कांदिवलीच्या खाणींतून माल नेण्यांत आला. अशा रीतीनें आपली टेकडी शहरास देऊन बसलेल्या या गांवानें पुढें यंत्रेंहि दिलीं. आकुर्ली रस्त्यावर महिंद्र आणि महिंद्र कंपनीचा विस्तीर्ण कारखाना उभा राहिला. सन १९६३ सालीं इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्यानें ट्रॅक्टरच्या निर्मितीसाठीं जी निराळी कंपनी स्थापन झाली, तिनेंहि येथेंच आपला उद्योग मांडला. ती १९७७ सालीं महिंद्र कंपनींत विलीन झाली. ‘बी-२७५’ या नांवाचा तिचा ट्रॅक्टर देशाच्या शेताशिवारांत परिचित झाला. पश्चिमेकडे चारकोपच्या बाजूस औद्योगिक वसाहत वसली आणि तींत लहान लहान कारखाने थाटले गेले. ज्या घरांतील कर्ता मनुष्य दिवसभर पाना आणि कॅलिपर हातांत धरतो, त्या घरांतील मुलास चाक, आंस आणि स्प्रिंग यांची ओळख पुस्तकांतून करून घ्यावी लागत नाहीं.

परंतु मुंबईची मोटार ही आरंभीं घडवलेली वस्तु नव्हती, जुळवलेली वस्तु होती, ही गोष्ट येथें नीट ध्यानांत घेतली पाहिजे. सन १९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें शिवडीस आपला कारखाना काढला. या कारखान्यांत मोटार निपजत नसे. ती सुट्या भागांच्या रूपानें, पेट्यांत भरून बंदरांत उतरे, आणि येथील कामगार ते भाग एकमेकांस जोडून तिला चाकांवर उभी करीत. उभी मोटार जहाजांत फार जागा अडवते, सुटी केलेली थोडक्यांत मावते, असा तो साधा व्यापारी हिशेब होता. शेठ वालचंद हिराचंद यांची आकांक्षा याहून मोठी होती. त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि १९४७ सालीं तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली मोटार बाहेर पडली. पण त्या कारखान्याचाहि श्रीगणेशा क्रायस्लर कंपनीच्या सुट्या भागांपासूनच झाला. महिंद्र बंधूंची कथा याहून वेगळी नाहीं. १९४५ सालीं मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारींत ‘महिंद्र आणि महंमद’ या नांवानें ही पेढी निघाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले, तेथें प्रथम अर्थमंत्री आणि पुढें गव्हर्नर-जनरल झाले. इकडे १९४८ सालीं पेढीचें नांव बदललें. त्याच सुमारास माझगांवास अमेरिकेहून पेट्यांत भरून आलेल्या विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली.

जुळणीवर संतुष्ट राहण्याचे दिवस फार काळ टिकले नाहींत. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर १९५३ सालीं सरकारनें असें धोरण स्वीकारलें कीं, ज्यांस मोटारीचे भाग क्रमाक्रमानें येथेंच तयार करावयाचे असतील त्यांनींच या धंद्यांत राहावें. जनरल मोटर्सनें १९५४ सालीं शिवडीचें काम आवरलें. जे उरले त्यांस आज एक भाग तर उद्यां दुसरा, असे शेंकडों भाग स्वतः ओतावे, ठोकावे आणि कांतावे लागले. पेटींतील वस्तु जुळवतां जुळवतां ती कशी केलेली आहे हें हातांस कळूं लागलें. आणि हातांस कळलें म्हणजे ती आपण करावी असें मनांत येतें. आमच्या मोटारधंद्याची प्रगति थोडक्यांत अशी झाली.

लहान मोटारींचा इतिहासहि चमत्कारिक रीतीनें याच वाटेनें गेला आहे. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनीं १९०१ सालीं छिद्रें पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या एका खेळण्याचें पेटंट घेतलें; तेंच पुढें ‘मेकॅनो’ या नांवानें जगभर गाजलें. याच कारखान्यानें खेळांतील आगगाडीच्या स्थानकाभोंवतीं मांडण्यासाठीं १९३३ च्या अखेरीस सहा लहान गाड्या काढल्या. १९३४ पासून त्या ‘डिंकी’ या नांवानें विकल्या जाऊं लागल्या. ती खेळांतील आगगाडी एका फुटास सात मिलिमीटर या मापाची होती. फुटाचे मिलिमीटर ३०४.८, त्यांस सातानें भागिलें म्हणजे साडेत्रेचाळीस येतात. मोटारींच्या प्रतिकृतींत आज सर्वत्र रूढ असलेल्या १:४३ या प्रमाणाचें मूळ येथें आहे. लहान मोटारीस स्वतःचें असें माप नव्हतें. तें तिनें आगगाडीकडून उसनें घेतलें.

डिंकीची मोटार तयार मिळे. ती जुळवावी लागत नसे. जुळणीच्या प्लास्टिकच्या संचांचा जो पुढें एवढा प्रसार झाला, त्याच्या आरंभाची एक हकीकत ट्रॅक्टरच्या गांवांत राहणाऱ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एअरफिक्स ही या क्षेत्रांतील मोठी प्रसिद्ध इंग्रज कंपनी. तिचें नांव घेतलें म्हणजे विमानें आठवतात. परंतु १९४९ सालीं निघालेली तिची पहिली प्रतिकृति विमानाची नव्हे, फर्ग्युसन ट्रॅक्टरची होती. फर्ग्युसन कंपनीस आपल्या विक्रेत्यांच्या हातीं देण्यासाठीं ती हवी होती. पुढें तेच भाग न जोडतां पेटींत भरून लोकांस विकण्यांत आले. जोडण्याचें काम गिऱ्हाइकावर सोंपवलें गेलें. शिवडीच्या बंदरांत जो हिशेब तोच या खेळण्याच्या दुकानांत!

अमेरिकेंत या छंदास शिक्षणाचें रूप आलें. जी जनरल मोटर्स शिवडीस पेट्या पाठवीत होती, तिच्याच फिशर बॉडी या शाखेनें १९३० सालीं मुलांसाठीं कारागिरीची एक स्पर्धा सुरू केली. आरंभीं नेपोलियनच्या काळच्या राजेशाही घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृति करावी लागे. पुढें स्वतः कल्पिलेल्या मोटारीची. विजेत्यांस शिक्षणवृत्ति मिळत, आणि त्यांतील कित्येक जण पुढें मोटारींच्या रचनेच्या धंद्यांत शिरले. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. मध्यंतरीं, १९५८ सालीं, ए-एम-टी नांवाच्या कंपनीनें असा संच काढला कीं, एकाच पेटींतून मोटार तीन प्रकारें जुळवतां यावी: कारखान्यांतून निघाली तशी, मालकानें हौसेनें बदलली तशी, किंवा शर्यतीसाठीं सजवली तशी. नकलेबरोबर फेरफारासहि येथपासून राजमान्यता मिळाली.

आमच्याकडे हें सर्व उशिरा आणि थोडें आलें. परदेशी संच महाग, आणि आयातीवर निर्बंध. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यास डिंकीचे जुने सांचे आणून ‘निकी’ या नांवानें लहान मोटारी ओतण्यांत येऊं लागल्या. मोठ्या मोटारीप्रमाणें लहान मोटारहि आमच्या देशांत परक्याच सांच्यांतून निघाली म्हणावयाची. त्याचा परिणाम असा झाला कीं, मुंबईच्या मुलाच्या मुठींत जॅग्वार आणि मर्सिडीज, आणि खिडकीबाहेर मात्र फियाट आणि जीप. रोज डोळ्यांसमोरून जाणारी मोटार हातांत घ्यावयाची असेल, तर ती दुसऱ्याच मोटारीच्या पेटींतून फेरफारानें काढणें प्राप्त होतें. जो फेरफार अमेरिकेंत हौस म्हणून आला, तो आमच्याकडे गरज म्हणून आला.

तो कसा करावा लागतो, हें जीपच्या उदाहरणानें सांगतों. बाजारांत मिळणारा संच बहुधा दुसऱ्या महायुद्धांतील विलीज ‘एम-बी’ जीपचा असतो. महिंद्र कंपनीनें दीर्घकाळ केलेली, गांवोगांवच्या सरकारी कचेऱ्यांपुढें दिसणारी जीप ही मूळ विलीजच्याच ‘सी-जे-३-बी’ या नमुन्याची. दोहोंच्या पुढील आणि मागील आंसांतील अंतर एकच, ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. १:२४ या प्रमाणांत तें सुमारें ८५ मिलिमीटर भरतें. तेव्हां सांगाडा तसाच ठेवतां येतो. पण वरचा भाग पाहतांच फरक जाणवतो. नव्या इंजिनांत हवा आंत घेणाऱ्या झडपा वरच्या बाजूस नेल्यामुळें इंजिन उंच झालें, आणि तें झांकण्यासाठीं बॉनेट उंच करावें लागलें. लष्करी जीपच्या पुढील जाळीस नऊ उभ्या खांचा, हिच्या जाळीस सात. तिच्या मागच्या बाजूस उघडणारी फळी नाहीं, हिला आहे. तिचें स्टिअरिंग डावीकडे, आमचें उजवीकडे. म्हणजे बॉनेट कापून प्लास्टिकच्या पट्ट्यांनीं बाजू वाढवावयाच्या, सांध्यांत पुट्टी भरून ती वाळल्यावर पॉलिशपेपरनें घांसावयाची, जुन्या खांचा बुजवून नव्या कोराव्या लागतात, मागील भिंत कापावी लागते, आणि चालकाची सर्व मांडणी एका बाजूची दुसऱ्या बाजूस न्यावी लागते. शिवाय १:२४ या प्रमाणांत एक मिलिमीटर जाडीचें प्लास्टिक म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशेबानें जवळ जवळ इंचभर जाडीचा पत्रा! म्हणून जेथें जेथें कड दिसते, तेथें तेथें ती आंतून घांसून पातळ करणें भाग पडतें.

आम्हीं पहिल्यानें हा उद्योग केला तेव्हां बॉनेटची उंची नजरेनेंच ठरवली. लहानपणापासून पाहिलेली गाडी. तिचें माप तें काय घ्यावयाचें, असा आमचा गर्व. गाडी उभी राहिली ती जीप खरी, पण कोणाच्याहि ओळखीची नव्हे. सुजलेल्या मनुष्यासारखी दिसे. त्यांत भर म्हणून आम्हीं ती ऐन जुलैंत रंगवली. कांदिवलीच्या पावसाळी दमट हवेंत रंगावर दुधाच्या सायीसारखा पांढरट थर धरला. शेवटीं एका जुन्या जीपच्या मालकाची परवानगी घेऊन आम्हीं फूटपट्टी आणि वही घेऊन तिच्यापाशीं तासभर बसलों, आणि हिंवाळ्यांत दुसरी जीप केली. त्या एका तासांत जें कळलें तें चाळीस वर्षांच्या पाहण्यांत कळलें नव्हतें. डोळा ओळखतो, पण मोजीत नाहीं. प्रतिकृति करणारास मोजल्यावांचून गत्यंतर नसतें.

आतां टॅक्सीकडे वळूं. कारण येथें एक वादाचा प्रश्न उपस्थित होतो. १९५४ नंतर कुर्ल्यास होऊं लागलेली गोलसर फियाट ११०० मुंबईकरांनीं ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. तिच्या पुढील दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस होत्या. १९६४ सालीं तिच्या जागीं चौकोनी बांध्याची फियाट आली. तिलाच १९७४ पासून ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. तिच्या आंसांतील अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे १:१८ या प्रमाणांत बरोबर १३० मिलिमीटर. कांहीं काटेकोर मंडळींचें म्हणणें असें कीं, प्रतिकृति ही कारखान्यांतून निघालेल्या निर्मळ मोटारीचीच असावी. नंतर चढवलेली प्रत्येक वस्तु ही मूळ रचनेशीं द्रोह आहे. या मतांत तथ्य नाहीं असें नाहीं. मूळ काय होतें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें केलेला फेरफार म्हणजे नुसती सजावट होय. पण पद्मिनीचें आयुष्य कारखान्याच्या दारांत संपलें नाहीं. तेथें तें सुरू झालें. तिचें काळें अंग आणि पिंवळें छप्पर, टपावरचें कॅरियर, डाव्या अंगास बाहेर बसवलेलें, निशाण पाडून सुरू करावयाचें तें यांत्रिक मीटर, पुढें टांगलेलें लिंबू आणि मिरच्या, कांचेमागील देवाची तसबीर: यांतील एकहि वस्तु मूळ आराखड्यांत नव्हती, आणि या सर्वांवांचून ती मुंबईची टॅक्सी नव्हती. इटलींतील आराखडा इटलींत सुरक्षित असेल. त्या आराखड्याचें मुंबईनें काय केलें, हें सांगणारा कागद मात्र कोणत्याहि कारखान्याच्या दप्तरांत सांपडणार नाहीं. तो फेरफार करणाऱ्याच्या मेजावरच लिहिला जातो.

मात्र त्यास एक अट आहे. आपण कोणत्या सालची टॅक्सी करीत आहों, हा प्रश्न आधीं सुटला पाहिजे. नव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत यांत्रिक मीटरें जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटरें आलीं; एकाच गाडीवर दोन काळांचीं चिन्हें चढवलीं तर ती गाडी कोणत्याच काळाची राहत नाहीं. ऐतिहासिक नाटकांत मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसावें, तशांतला तो प्रकार.

ही काळजी आतांच घेण्याचें कारण उघड आहे. मुंबईंत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली होती. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून नाहींशी झाली. कुर्ल्याचा कारखानाहि राहिला नाहीं; त्या जमिनीवर आज वसाहत आहे. शिवडीची जुळणी तर सत्तर वर्षांपूर्वींच संपली. उरलेल्या गाड्या हौशी मालकांकडे थोड्या, आणि भंगाराच्या वाटेवर पुष्कळ. पुण्यांत कोथरूड येथें १९९८ पासून लहान आगगाड्यांचें एक सुंदर संग्रहालय आहे आणि तें पाहण्यास मुलांइतकेच थोरहि जातात. मुंबईच्या मोटारींची स्मृति मात्र अजून घरोघरच्या कांचेच्या कपाटांवर विसंबून आहे.

आणि प्रतिकृतीहि अमर नसते, हें येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. महायुद्धापूर्वींच्या कित्येक डिंकी मोटारी आज आपोआप तडकून त्यांचा भुगा होत आहे. जस्ताच्या मिश्रधातूंत शिशाचा अल्पसा अंश मिसळला गेला, तेवढ्यानें धातूस ही कीड लागली. आमच्या हवेंत रंग फुगतो, चिकटवलेलीं अक्षरें पिंवळीं पडतात, आणि मऊ टायर प्लास्टिकच्या चाकास वर्षानुवर्षें टेकून राहिलें तर तें चाकासच खातें. म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक लहानशी वही असावी. गाडी कोणती, कोणत्या सालची, खऱ्या गाडीवर मापें कोठें आणि कशीं घेतलीं, रंग कोणता, कोणता भाग मूळ संचांतील आणि कोणता आपण केलेला, एवढें तींत टिपून ठेवावें. लहान मोटार फुटली तरी ती वही हातीं असेल, तर दुसरी करतां येईल.

दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलास आपण वेळ दवडतो म्हणून रागें भरत नाहीं. बुरुज कोठें आणि दरवाजा कोणत्या बाजूस, हें विचारीत तो आपल्याकडे येतो, आणि आपल्यालाच उत्तर येत नसल्यामुळें कित्येकदां पुस्तक उघडावें लागतें. आकुर्ली रस्त्याच्या आसपास राहणारा एखादा मुलगा उद्यां, जीपच्या जाळीस खांचा किती, असें विचारूं लागला, तर त्यासहि तोच मान द्यावा. कोपऱ्यावरच्या गॅरेजांत धूळ खात पडलेली जुनी जीप असेल, तर तिच्या मालकाची परवानगी काढून त्याच्याबरोबर फूटपट्टी घेऊन जावें. ती गाडी पुढच्या पावसाळ्यानंतर तेथें असेलच असें नाहीं. दायमाबादच्या रथाचीं मापें घेण्यास आपणांस निदान तो रथ तरी उरला आहे.